दोन काळ्यांच्या मधला मोजा

एप्रिल महिना, जालन्याचं ऊन, समोर कूलर, मांडीवर पंचा, पंच्यावर लोकरीचा गुंडा आणि हातात चार सुया. अशा थाटात मी भर दुपारी आमच्या पुढच्या खोलीत बसत असे. हे दृश्य गल्लीतल्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून दार लावून घ्यायचो. दार लावलं की कूलर दमट मारतो. दमट मारला की बोटांना घाम सुटतो, आणि घामेजल्या बोटांना लोकर अशी चिकटते की सुईवरून पुढं सरकायचं नाव घेत नाही. दार उघडलं तर लोकर सरकते, पण मग लोकही सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत येतात. मी दोन्ही करून पाहिलं. शेवटी घाम परवडला.

हा उद्योग अंगावर का घेतला ते आधी सांगतो, नाहीतर वाचणारे भलतंच काहीतरी समजतील.

माझ्या बायकोनं आजवर आमच्या नात्यातल्या झाडून सगळ्या लेकरांना बारशाचे मोजे विणून दिलेत. नणंदांची लेकरं, जावांची, तिच्या भावांची, शेजारणींची. टोपडं-झबलं बाजारातलं चालायचं, मोजे मात्र हिच्या हातचे लागायचे. आणि आता आमच्याच लेकीचं बाळंतपण. पहिलं, म्हणून माहेरी, म्हणजे आमच्याकडं. लेकीला नववा लागला आणि त्याच आठवड्यात ही गच्चीवरून कुरडयांची परात घेऊन उतरताना घसरली. आधी परात खाली आली, तिच्या मागून ही. उजवा हात मनगटात मोडला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर.

दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून हाड कुठं सरकलंय ते समजावत होता. हिनं मधेच विचारलं, "विणता कधी यील?"

डॉक्टर म्हणाला, "काकू, आधी चमचा तर धरता येऊ द्या."

घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि म्हणाली, "जगाच्या लेकरांना घातले. अन् माझ्याच नातवंडाच्या पायात बाजारचे." एवढंच म्हणाली. मग चहा मागितला.

त्याच संध्याकाळी आष्टीहून इहीणबाईंचा, म्हणजे लेकीच्या सासूबाईंचा फोन आला. हाताची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या, "दादा, अन् मोज्याचं मनावर घिऊ नका बरं. आमच्या बाजारात मिळतेत. मी बारशाला येताना घिऊन येते."

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण मी चहाचा कप घेऊन भिंतीकडं बघणाऱ्या बायकोच्या शेजारी उभा होतो. मी म्हणालो, "बिलकुल आणू नका. मोजे आमच्या घरचेच असतील."

फोन ठेवला. बायको वळून माझ्याकडं बघून राह्यली होती.

"घरचे म्हंजे? कोण विणणारंय?"

"मी."

ती हसली नाही. हसली असती तर मी तिथल्या तिथं माघार घेतली असती.

तसा मी अगदीच अडाणी नव्हतो, असं तेव्हा मला वाटत होतं. बियाण्याच्या कंपनीत नोकरी केली. भोकरदनपासून परतूरपर्यंत हिंडलो. धावडा गावच्या पारावर उभं राहून कपाशीच्या दोन झाडांत किती अंतर ठेवायचं ते शेतकऱ्यांना शिकवलं. त्यांनी ते कधी ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्याला झाडांतलं अंतर कळतं त्याला टाक्यांतलं कळायला काय लागतंय, अशी माझी समजूत होती.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आमच्याकडं बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत-विणत नाहीत. लोकर आणून ठेवली तर चालते, पण टाका घालायचा नाही. येणाऱ्याची आधीच मापं काढली तर नजर लागते, असं माझी सासू सांगायची आणि बायको ते अजून पाळते. बाळ झालं की बाराव्या दिवसाच्या आत विणून मोकळं व्हायचं. तिचं होऊन जायचं. माझं होणार नव्हतं, मला आधी शिकायला पाहिजे होतं. आणि इवलासा मोजा विणायला तर बंदी.

"मंग सराव कशावर करू?"

"तुमच्या मापाचा करा," बायको म्हणाली. "तुम्हाला कुणाची नजर लागत न्हाई."

सरावासाठी स्वस्तातली लोकर आणा, असंही ती म्हणाली होती. पण बाहेर ऊन फार होतं, आणि हिच्या ट्रंकेत पिवळी, मऊ, कोरी लोकर होतीच. नातवंडासाठी तिनं ती थंडीतच घेऊन ठेवलेली. मी मनाशी म्हणालो, या लोकरीवर शिकू, उसवू आणि होती तशी गुंडाळून ठेवू. उसवलेली लोकर होती तशी होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं म्हणा.

शिकवणी सुरू झाली.

"सुई घाला. अशी न्हाई. अशी."

"अशी म्हंजे कशी?"

"अहो, घालतेत तशी."

"दोरा कुठून घेऊ?"

"पाठीमागून. न्हाई, पुढून. थांबा." ती डोळे मिटून घ्यायची. डावा हात हवेत काहीतरी करायचा, आणि प्लास्टरमधून बाहेर डोकावणारी उजव्या हाताची पेरं जागच्या जागी वळवळायची. दुखलं की डोळे उघडायची आणि माझ्यावर खेकसायची, जणू ते दुखणं मीच केलंय. इतक्या वर्षांत तिनं हे काम कुणाला तोंडानं सांगितलंच नव्हतं. विणायचं काम हातांचं होतं. तोंड तेव्हा आमच्या नातेवाइकांचा समाचार घेण्यात गुंतलेलं असायचं. तिला येत होतं पण करता येत नव्हतं, मला करता येत होतं पण येत नव्हतं, आणि आम्ही दोघं एका पलंगावर बसून एकमेकांवर चिडत होतो.

लेक पलीकडं पोटाखाली उशी घेऊन पडलेली असायची. ती म्हणायची, "पप्पा, तुम्ही सुया अशा धरून राह्यले जशी कुणाशी मारामारी करायचीय." एकदा तिनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई इतक्या जल्दी विणत होती की सुया दिसत नव्हत्या, आणि थांबवून बघितलं की तिच्या बोटाआड नेमका दोरा लपलेला. मी तो व्हिडिओ परत परत मागं नेला. बाई दरवेळी गोड हसून सुरुवात करायची. शेवटी शेवटी मला तिचं हसणंही सहन होईना.

दिवस भरत आले तोवर माझा एक मोजा झाला. टाच नाही, काही नाही, नुसती नळी. टाच माझ्या आवाक्यातली नाही, हे बायकोनं आधीच ठरवून टाकलं होतं. तो मोजा मी पायात घातला तर गुडघ्यापर्यंत आला आणि तरी दुसरा पाय शेजारी मावेल एवढी जागा उरली.

"हात लई सैल हाय तुमचा," बायको म्हणाली. "टाका ओढून घ्या."

मी म्हणालो, बाळाच्या वेळी ओढीन. पण हाताला एकदा जी सवय लागली ती लागली.

नात झाली. पाऊल माझ्या अंगठ्यापेक्षा जरासं मोठं. बायकोनं ते पाऊल डाव्या तळहातावर घेऊन पाहिलं आणि मला म्हणाली, "आणा ती पिवळी."

मी माझा राक्षसी मोजा उसवून गुंडा करून आणला. तिनं तो गालाला लावला. लोकर कुरळी झाली होती, तिच्यावर बारीक गोळे आले होते, आणि माझ्या घामानं पिवळ्याचा रंग कळकट झाला होता.

"खरबरीत झालीय," ती म्हणाली. "तान्ह्याला न्हाई चालायची."

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. गुंडा उशाशी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

तर मी त्या उन्हात जुन्या जालन्यात गेलो. बटणं, लेस, अस्तर विकणारे एक चाचा थंडीत लोकरही ठेवतात, एवढं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"ऊन? अब कौन लेता साब ऊन? दिवाली के बाद आव."

"चाचा, बारसं हाय. कोणतीबी द्या. मऊ पाहिजे फक्त."

ते आत गेले आणि बऱ्याच वेळानं धूळ झटकत एक गुंडा घेऊन आले. "ये एकच पड़ा है. कित्ती थंडियाँ गईं, कोई हात नई लगाया इसकू."

का लावला नाही ते दिसतच होतं. एकाच दोऱ्यात रंग बदलत जात होते. आधी पोपटी, डोळ्यात घुसेल असला. पोपटी हळूहळू वांग्याच्या रंगात शिरायचा, वांगी शेंदरात, पारावरच्या मारुतीला असतो तसल्या. आणि शेंदरी रंगात आल्यावर एकदम हातभर काळाकुट्ट दोरा. मग पुन्हा पोपटी. ज्यानं ही लोकर रंगवली त्याच्या घरी त्या दिवशी भांडण झालेलं असावं. पण हाताला मात्र सायीसारखी मऊ होती.

"बाळाला आवडंल का हो हे?" मी विचारलं.

"कित्ते दिन का है?"

"दोन."

"उसको अभी दिखताच नई साब. बढ़िया है."

घरी बायकोनं गुंडा थोडा उलगडला, आणि काळं येताच थांबली.

"बारशाला काळं?"

संक्रांतीला काळं झबलं घालतात, ते चालतं. बारशाला काळा दोराही अंगावर नको. हे मला माहीत होतं, पण दुकानात आठवलं नाही. मी म्हणालो, काळं तेवढं कापून टाकतो आणि गाठ मारतो.

"अन् गाठ तळपायाखाली आली म्हंजे? टोचंल न्हाई का तिला?"

मग तिनं लोकर फरशीवर पसरली. पायानं एक टोक दाबून, डाव्या हातानं ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, "ह्या काळ्यापासून त्या काळ्यापर्यंत एक मोजा बसतोय. काळं संपलं की सुरू करा, दुसरं काळं यायच्या आत मिटवा. गाठ न्हाई, काळं न्हाई. माझ्या हाताला बराबर बसला असता."

तिच्या हाताला. माझा हात सैल. सैल टाका लोकर जास्त खातो. मी पोपटीपासून सुरुवात करायचो, घोटा पोपटी व्हायचा, पाऊल वांगी, बोटांपाशी शेंदरी, आणि आता टोक मिटवायचं एवढंच उरलं की दोऱ्यातून काळं डोकं वर काढायचं.

"काळं आलं," मी म्हणायचो.

"उसवा," ती म्हणायची.

मी उसवायचो. पुन्हा पोपटी. आता इतकं ओढून विणायचो की टाक्यात सुईच शिरायची नाही. जोर केला तर एक सुई वाकली. सैल सोडलं की काळं आलंच. कधी चार टाके राहिलेले असायचे, कधी नुसती मिटवायची ओळ. एकदा तर मिटवायचीच ओळ चालू होती आणि निम्म्यात काळं आलं. मी उठून कूलरला लाथ घातली. कूलरचा काही संबंध नव्हता, पण खोलीत लाथ घालण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाळ दचकून रडायला लागलं, लेक चिडली, बायको म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत असं करतेत का?" आणि मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

त्यात बाळ बघायला येणाऱ्या बायका. दार वाजलं की मी सगळं उशीखाली सारायचो. शेजारच्या काकू आल्या त्या दिवशी उशी हाताशी नव्हती, म्हणून बुडाखाली सारलं. काकू चांगल्या तासभर बसल्या. "भाऊ, तुमी आज लई ताठ बसले," असं दोनदा म्हणाल्या. वाकलेली सुई कुठली ते मला तेव्हा नेमकं कळलं.

शेवटी बायकोनंच तोड काढली. घोटा बुटका करा म्हणाली. तसं केल्यावर एक मोजा कसाबसा काळ्याच्या अलीकडं मिटला. मी तो बोटावर चढवून घरभर दाखवत हिंडलो. बायकोनं तो आतून चाचपला, कुठं गाठ आहे का बघितलं, आणि म्हणाली, "दुसरा?"

दुसऱ्याला पुन्हा तेच. दोनदा काळं आलं. दुसऱ्या वेळी मी संतापून तो सगळा गुंडा सोडला आणि नव्यानं, कचकचून गुंडाळला. राग निवला, बरं वाटलं. विणायला बसलो आणि या खेपेला ओळी भराभर चढायला लागल्या. पाऊल अर्धं झालं तेव्हा बायको शेजारी येऊन बसली.

"हे शेंदरीपासून कसं काय सुरू झालं?"

गुंडा उलटा गुंडाळला गेला होता. आतलं टोक बाहेर आलेलं. पहिल्या मोज्याचा घोटा पोपटी आणि बोटं शेंदरी, ह्याचा घोटा शेंदरी आणि बोटं पोपटी होणार. मी सुया खाली ठेवल्या. मला त्या लोकरीचा, त्या चाचांचा, आष्टीच्या बाजाराचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा राग आला.

"उसवू?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तिनं दोन्ही मोजे शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाली, "राहू द्या. पण मिटवा."

बारशाच्या सकाळी घरात घुगऱ्यांचा वास, पाळण्याला फुलं बांधणं चाललेलं, आणि मी मागच्या खोलीत. टोकाला आलो होतो. सुयांवर मोजके टाके होते, आणि पोपटी दोरा वितभरही उरला नव्हता. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. आष्टीची मंडळी. लेकीनं दारातून विचारलं, "झाला का?"

"काळं आलं," मी म्हणालो.

बायको आत आली. तिनं दार लोटलं.

"द्या इकडं."

"अगं, हात..."

"द्या म्हणते ना."

तिनं मोजा प्लास्टर आणि छातीच्या मधे दाबून धरला. काळं जिथं सुरू होत होतं त्याच्या अलीकडं मला दोरा कापायला लावला. नाक असलेली सुई डाव्या हातात घेतली, ओवली मी, आणि ती उरलेल्या टाक्यांमधून एकेक करून सुई काढायला लागली. एक टाका निसटला, तिनं तो दातांनी पकडला. मी हात पुढं केला तर तिनं कोपरानं ढकलला. सगळे टाके ओवून झाले तेव्हा दोरा चिमटीत धरण्याएवढाच राहिला होता. तो दातांत धरून तिनं ओढला, आणि टोक मिटलं. सरळ नाही. एका बाजूला मान टाकल्यासारखं मिटलं, आणि चुणी पडली.

तिनं मोजा उजेडात धरला. "असलं वाकडं काम माझ्या हातून कधी झालेलं न्हाई," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून बाहेर गेली.

बाळाच्या पायांत मोजे चढले. एक खालून वर, एक वरून खाली. येणारी प्रत्येक बाई पाळण्याशी वाकायची, पाय हातात घ्यायची आणि चमकून हिच्याकडं बघायची. ही प्रत्येकीला सांगत होती, "ह्यांनी केलेत. मी न्हाई." ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही बोलावून सांगितलं. मी घुगऱ्यांची ताटली हातात घेऊन हे ऐकत उभा होतो. एवढी बदनामी माझ्या बियाण्याचीही कधी झाली नव्हती.

इहीणबाईंनी चष्मा लावला. नातीचे दोन्ही पाय जवळ घेतले.

"दादा, ह्यातला एक उलटा झाला का?"

"डिझाईन हाय ती," मी म्हणालो.

त्या हसल्या, पण पाय सोडला नाही. "बाकी मऊ लई हाय. फक्त हे टोक तेवढं वाकडं गेलं."

मी बायकोकडं बघितलं. ती मोज्याकडं बघत होती. म्हटलं, दिवसभर सगळं माझ्याच नावावर चाललंय, त्यात हेही जाऊ दे. मी म्हणालो, "अजून हात कच्चा हाय ना माझा."

"ते टोक माझंय," बायको म्हणाली.

सगळ्या बायका तिच्याकडं वळल्या.

"बाकीचं ह्यांचं. टोक मी मिटवलं. डाव्या हातानं, आत्ता."

इहीणबाईंनी टोक पुन्हा चिमटीत घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "डाव्या हातानं? एवढ्या प्लास्टरमधी?"

"अन् दातानं."

"मंग वाकडं कुठंय," इहीणबाई म्हणाल्या. "चांगलं बसलंय की."

बायका जवळ सरकल्या. एकीनं विचारलं, मोजा धरला कसा. बायकोनं प्लास्टर छातीशी नेऊन दाखवलं. दुसरीनं विचारलं, टाका निसटला तेव्हा काय केलं. तिनं तेही दाखवलं. महिनाभर तिला जे मला तोंडानं सांगता आलं नव्हतं ते ती त्या बायकांना भराभर सांगत होती. पोपटी, वांगी, शेंदरी, सगळं माझं विणलेलं होतं, आणि त्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी जरा पुढं वाकलो, निदान घोट्याची वीण तरी दाखवावी म्हणून, तर आष्टीची एक बाई मला म्हणाली, "दादा, थोडं बाजूला व्हता का? टोक दिसून न्हाई राह्यलं."